२६९ विरुद्ध १९८: घटनादुरुस्तीचं गणित

१७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत 'एक देश, एक निवडणूक'चं विधेयक मांडलं गेलं. बाजूने २६९ मतं पडली, विरोधात १९८. सत्ताधारी म्हणाले, बहुमत मिळालं. विरोधक म्हणाले, बहुमत नाहीच. गंमत म्हणजे दोघांचंही खरं होतं. विधेयक नुसतं मांडायला साधं बहुमत पुरतं. ते मंजूर करायची वेळ आली की मात्र दोन तृतीयांश मतं लागतात, कारण ते घटनादुरुस्तीचं विधेयक आहे. त्या दिवशी मत दिलेल्या ४६७ जणांचे दोन तृतीयांश होतात ३१२, म्हणजे ४३ मतं कमी होती.

त्याच वर्षी लोकसभेच्या प्रचारात '४०० पार' आणि 'संविधान बदलणार' या शब्दांनी गावोगावचे पार आणि चहाच्या टपऱ्या गाजल्या. किती जागा आल्या की घटना बदलता येते, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. त्याचं उत्तर एका आकड्यात मिळत नाही. घटनेतली कोणती गोष्ट बदलायची आहे, यावर ते अवलंबून आहे.

## आधी क्रमांकांचा घोळ

बातम्यांत 'एकशे एकोणतिसावं घटनादुरुस्ती विधेयक' असं वाचलं की वाटतं, घटना १२८ वेळा बदलून झाली. तसं नाही. विधेयक मांडताना त्याला एक क्रमांक मिळतो. ते मंजूर होऊन कायदा झालं की दुसरा. मधली कित्येक विधेयकं पडतात किंवा लोकसभा विसर्जित झाल्यावर बाद होतात, म्हणून विधेयकांचे क्रमांक पुढे पळतात. जीएसटीचं विधेयक १२२वं होतं, कायदा झाला १०१वा. महिला आरक्षणाचं विधेयक १२८वं, तर सप्टेंबर २०२३ मध्ये झालेला कायदा १०६वा.

दुसरा घोळ कलमांचा. (अधिकृत मराठीत 'अनुच्छेद' म्हणतात, इथे आपण बोलीतला 'कलम' हाच शब्द वापरू.) १९५० मध्ये घटनेत ३९५ कलमं होती आणि शेवटचं कलम आजही ३९५ वंच आहे. मग इतकी भर गेली कुठे? जमिनीचे हिस्से पडले की गावात नवा सर्व्हे नंबर देत नाहीत, ४५ चा ४५/१, ४५/१अ होतो. घटनेतही तसंच. शिक्षणाचा हक्क २१-अ मध्ये आला, पंचायती २४३ ते २४३-ओ मध्ये बसवल्या. उलट कलम ३१ रद्द झालं, पण त्याचा नंबर दुसऱ्या कोणाला दिला नाही. ती जागा रिकामी पडून आहे.

## एकाच घराची तीन कुलपं

घटना बदलण्याचे तीन मार्ग आहेत.

पहिलं कुलूप साधं. राज्यांच्या सीमा, नावं, नवं राज्य, विधान परिषद ठेवायची की काढायची, असे विषय साध्या बहुमताने, नेहमीच्या कायद्यासारखे होतात. घटनेचा मजकूर त्याने बदलतो, पण त्याला 'घटनादुरुस्ती' म्हणत नाहीत आणि दुरुस्त्यांच्या मोजणीत तो येत नाही. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तो याच दाराने, मुंबई पुनर्रचना कायद्यातून. सीमा, नाव किंवा नव्या राज्याचा विषय असेल तर राज्याच्या विधानसभेचं मत विचारावं लागतं. मानावं लागत नाही. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेशच्या विधानसभेने तेलंगणाचं विधेयक फेटाळलं होतं, तरी काही महिन्यांत तेलंगणा झालाच. ज्या देशात राज्याचा नकाशा साध्या बहुमताने बदलतो, तिथे एका भाषेचं नाव आठव्या परिशिष्टात, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीत, घालायला मात्र दोन तृतीयांश लागतात, हे जरा विचित्रच आहे.

दुसरं कुलूप कलम ३६८ चं. इथे प्रत्येक सभागृहात एकाच वेळी दोन कसोट्या पार कराव्या लागतात. एक, सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं. लोकसभेच्या ५४३ जागा म्हणजे किमान २७२, राज्यसभेच्या २४५ म्हणजे किमान १२३. जागा रिकामी असो की खासदार दवाखान्यात असो, हा आकडा हलत नाही. दोन, हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश. हा आकडा दर वेळी हलतो. सगळे ५४३ मतदानाला आले तर ३६२ लागतात. ४८० आले तर ३२०. फक्त ३०० आले तर दोन तृतीयांश २०० होतात, पण तेवढ्यावर भागत नाही, कारण पहिली कसोटी २७२ वर अडून बसलेली असते.

म्हणून घटनादुरुस्तीच्या वेळी सभात्याग ही साधी गोष्ट राहत नाही. ५४० जण मत देणार असतील तर सरकारला ३६० हवेत. एखाद्या पक्षाचे ६० खासदार घोषणा देत बाहेर गेले, तर उरलेल्या ४८० मध्ये ३२० पुरतात. बाहेर गेलेल्यांनी विरोध दाखवला, पण सरकारचं ओझं ४० मतांनी हलकं केलं. घटनादुरुस्तीला खरा विरोध करायचा असेल तर खुर्चीत बसून 'नाही'चं बटण दाबावं लागतं.

आवाजी मतदानही इथे चालत नाही, मतविभागणी होते आणि विधेयकातल्या प्रत्येक कलमाला वेगळं विशेष बहुमत मिळवावं लागतं. दोन्ही सभागृहांत वाद झाला तर इतर विधेयकांसारखी संयुक्त बैठक बोलावता येत नाही. राज्यसभेत पडलं की पडलं. १९८९ मध्ये पंचायतराजचं विधेयक लोकसभेत मंजूर होऊन राज्यसभेत असंच पडलं. पंचायतींना घटनेत जागा मिळायला ७३ वी दुरुस्ती यावी लागली आणि ती लागू झाली २४ एप्रिल १९९३ ला.

तिसरं कुलूप राज्यांकडे. केंद्र-राज्य अधिकारांच्या याद्या, राष्ट्रपतींची निवडणूक, सर्वोच्च व उच्च न्यायालयं, संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व आणि खुद्द कलम ३६८, यांना हात लावायचा असेल तर दुसरं कुलूप उघडल्यावर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. आज २८ राज्यं, म्हणजे १४. दिल्ली-पुदुच्चेरीच्या विधानसभा यात धरत नाहीत. विधिमंडळात साधं बहुमत चालतं.

या संमतीला मुदत मात्र घटनेने घातलेली नाही. जीएसटीची दुरुस्ती ८ ऑगस्ट २०१६ ला लोकसभेत ४४३ विरुद्ध शून्य अशी मंजूर झाली, आसामने चारच दिवसांत पहिली संमती दिली, महाराष्ट्राने २९ ऑगस्टला विशेष अधिवेशनात, आणि ८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. हा महिना म्हणजे चांगला वेग. १९७५ मध्ये ३९ व्या दुरुस्तीला चार दिवस पुरले होते: ७ ऑगस्टला लोकसभा, ८ ला राज्यसभा, ९ तारखेच्या शनिवारी राज्यांच्या विधानसभा, १० ला सही. पंतप्रधान इंदिरा गांधींच्या निवडणुकीचा खटला ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयात होता.

सहीचंही एक वैशिष्ट्य. साधं विधेयक राष्ट्रपती एकदा परत पाठवू शकतात. घटनादुरुस्तीचं नाही, १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीपासून तिथे संमती द्यावीच लागते.

## एक तृतीयांश मताने पडलेलं विधेयक

दोन तृतीयांश हा आकडा किती कडवा असतो, ते ५ सप्टेंबर १९७० ला राज्यसभेत दिसलं. संस्थानं विलीन करताना राजांना दिलेले तनखे बंद करण्याचं विधेयक होतं. कोल्हापूरपासून ग्वाल्हेरपर्यंतच्या राजघराण्यांचा प्रश्न. लोकसभेत ते ३३२ विरुद्ध १५४ असं आरामात गेलं. राज्यसभेत बाजूने १४९ आणि विरोधात ७५. एकूण २२४, त्याचे दोन तृतीयांश १४९.३३.

अपूर्णांक आला की वरचा पूर्णांक लागतो, म्हणजे १५०. विधेयक पडलं. मग सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. तो आदेश डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, खटल्यातले अर्जदार होते माधवराव शिंदे. १९७१ ची निवडणूक मोठ्या फरकाने जिंकल्यावर २६ वी दुरुस्ती आली आणि तनखे संपले.

## तिसरं कुलूप विसरलं की काय होतं?

हा किस्सा महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोसायटीच्या दाराशी येऊन गेला आहे. २०११ मध्ये संसदेने ९७ वी दुरुस्ती केली: सहकारी संस्थांच्या संचालक मंडळात जास्तीत जास्त २१ जण, पाच वर्षांची मुदत, वेळेवर निवडणुका, वगैरे. त्यानुसार महाराष्ट्राने २०१३ मध्ये १९६० चा सहकार कायदा बदलला. 'क्रियाशील सभासद' हा शब्द तेव्हाच कानावर पडला.

पण सहकारी संस्था हा राज्यांच्या यादीतला विषय. त्यावर राज्यांचे हात बांधणारी दुरुस्ती करायची तर निम्म्या राज्यांची संमती हवी होती, आणि ती घेतलीच नव्हती. आधी गुजरात उच्च न्यायालयाने आणि मग २० जुलै २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने हा भाग रद्द केला. उरला तो फक्त बहुराज्य संस्था आणि केंद्रशासित प्रदेशांपुरता. मजकुरात काही वाईट होतं म्हणून ही दुरुस्ती पडली नाही, प्रक्रियेची एक पायरी चुकली म्हणून पडली. सोसायटीने उपविधी बदलले, ठराव झाला, टाळ्या झाल्या, पण निबंधकांकडे नोंदणी करायचं राहून गेलं, तसा प्रकार. महाराष्ट्राने स्वतःच्या विधिमंडळात केलेला कायदा मात्र त्यामुळे आपोआप गेला नाही. तो करायचा अधिकार राज्याला स्वतंत्रपणे होताच.

## पहिलीच दुरुस्ती, आणि तिच्यात आपला कूळकायदा

घटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं तेव्हा, १९५१ मध्ये, पहिली दुरुस्ती झाली. कारणं तीन, आणि तिन्ही न्यायालयांच्या निकालांतून आलेली. मद्रास सरकारची जातनिहाय प्रवेशाची पद्धत न्यायालयाने रद्द केली, म्हणून मागासवर्गांसाठी विशेष तरतूद करू देणारं कलम १५(४) आलं. दोन नियतकालिकांवरची बंदी आणि सेन्सॉर न्यायालयाने उठवले, म्हणून अभिव्यक्तीवर 'वाजवी निर्बंध' घालण्याची कारणं वाढवली. आणि बिहारचा जमीनदारी निर्मूलनाचा कायदा पाटणा उच्च न्यायालयात अडकला, म्हणून नववं परिशिष्ट जन्माला आलं.

हे परिशिष्ट म्हणजे कायद्यांसाठी तिजोरी. त्यात ठेवलेला कायदा मूलभूत हक्कांचा भंग करतो म्हणून रद्द करता येणार नाही, असं ठरलं. पहिल्या यादीत १३ कायदे होते आणि त्यातले सहा मुंबई राज्याचे. दुसऱ्या क्रमांकावर १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, म्हणजे आपला कूळकायदा. सहाव्यावर १९५० चा खोती निर्मूलन कायदा. सातव्यावर परगणा व कुळकर्णी वतन निर्मूलन कायदा. कोकणातली खोती आणि गावोगावची वतनं ज्या कायद्यांनी गेली, ते कोर्टात टिकावेत यासाठी घटनाच बदलली होती. पुढे या तिजोरीत इतकं भरलं की यादी २८४ वर गेली आणि जमिनीशी संबंध नसलेले कायदेही आत शिरले.

## मग संसद काहीही बदलू शकते का?

पहिल्या दुरुस्तीला आव्हान मिळालं तेव्हा १९५१ मध्ये न्यायालय म्हणालं, बदलू शकते. १९६४ मध्येही बहुमताने तेच सांगितलं. पण त्या वेळी न्या. मुधोळकर यांनी वेगळ्या निकालपत्रात एक शंका लिहून ठेवली: घटनेचं मूळ वैशिष्ट्यच बदललं तर त्याला दुरुस्ती म्हणायचं की घटना नव्याने लिहिणं? अडीच वर्षांच्या आत, १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात, न्यायालय सहा विरुद्ध पाच अशा काठावरच्या मतांनी उलटलं: मूलभूत हक्कांना संसदेने हात लावायचा नाही. संसदेने २४ व्या दुरुस्तीने उत्तर दिलं: लावू.

हा पेच सुटला २४ एप्रिल १९७३ ला. केरळमधल्या एडनीर मठाचे केशवानंद भारती यांचा खटला, १३ न्यायाधीशांचं पीठ, ६८ दिवसांची सुनावणी, मुंबईचे नानी पालखीवाला अर्जदारांकडून आणि मुंबईचेच एच. एम. सीरवाई केरळकडून. निकाल सात विरुद्ध सहा. संसद घटनेचं कोणतंही कलम बदलू शकते, मूलभूत हक्कांचंसुद्धा. पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही.

फ्लॅटचं नूतनीकरण करताना आपण फरशी बदलतो, ओटा हलवतो, मधली भिंतही पाडतो. कॉलम मात्र कोणी पाडू देत नाही, कारण तो एकट्या घरमालकाचा नसतो, वरचे सगळे मजले त्यावर उभे असतात. लोकशाही, न्यायालयीन तपासणी, कायद्याचं राज्य, संघराज्य, धर्मनिरपेक्षता हे असे कॉलम. अडचण एवढीच की इमारतीच्या नकाशात कॉलम दाखवलेले असतात, घटनेत 'मूलभूत चौकट' हे शब्दच नाहीत. कॉलम कुठला ते खटला येईल तसं न्यायालय सांगतं.

लगेचच परीक्षा झाली. ३९ व्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढली होती. नोव्हेंबर १९७५ मध्ये, ऐन आणीबाणीत, तो भाग रद्द झाला. १९७६ ची ४२ वी दुरुस्ती तर ५९ कलमांची होती. प्रास्ताविकेत 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द तिने घातले, लोकसभेची मुदत सहा वर्षं केली आणि वर लिहून ठेवलं की घटनादुरुस्तीला कुठल्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही. मुदत १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने पुन्हा पाच झाली. आव्हानबंदी १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या पीठाने रद्द केली: संसदेला दिलेला अधिकार मर्यादित आहे, आणि त्या मर्यादित अधिकाराचा वापर करून तो अमर्याद करून घेता येत नाही.

## 'न निवडून आलेल्या न्यायाधीशांनी संसदेला का अडवावं?'

आक्षेप बिनबुडाचा नाही. २०१४ ची ९९ वी दुरुस्ती, न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी आयोग आणणारी, संसदेने जवळपास एकमताने आणि राज्यांच्या संमतीसह केली होती. २०१५ मध्ये न्यायालयाने ती चार विरुद्ध एक अशी रद्द केली. ज्यांच्या नेमणुकीचा प्रश्न त्यांनीच निकाल दिला, ही टीका तेव्हाही झाली आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही.

दुसरी बाजू आकड्यांत आहे. हे हत्यार न्यायालयाने क्वचित वापरलं. शंभरावर दुरुस्त्यांपैकी मूलभूत चौकटीवर आपटलेल्या बोटांवर मोजता येतील. आर्थिक दुर्बलांच्या १० टक्के आरक्षणाची १०३ वी दुरुस्ती २०१९ मध्ये लोकसभेत ८ जानेवारीला मांडून त्याच दिवशी मंजूर झाली, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत. २०२२ मध्ये न्यायालयाने ती तीन विरुद्ध दोन अशी कायम ठेवली.

## मराठा आरक्षण: दुरुस्ती कशाने अडली, कशाने नाही

२०१८ च्या १०२ व्या दुरुस्तीने राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा दिला. तिच्या शब्दरचनेचा अर्थ ५ मे २०२१ च्या मराठा आरक्षण निकालात तीन विरुद्ध दोन मतांनी असा लावला गेला की मागासवर्गाची यादी ठरवण्याचा राज्यांचा अधिकार संपला. 'आमचा तो हेतू नव्हता' असं केंद्र सांगत होतं. न्यायालयाने हेतू नव्हे, मजकूर वाचला. तीन महिन्यांत १०५ वी दुरुस्ती येऊन राज्यांना तो अधिकार परत मिळाला, लोकसभेत ३८५ विरुद्ध शून्य.

'मग तेव्हाच आरक्षण का मिळालं नाही?' कारण अडथळे दोन होते. दुसरा ५० टक्क्यांच्या मर्यादेचा, आणि ती घटनेच्या मजकुरात नाही. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातून आलेली आहे. १०५ व्या दुरुस्तीने तिला हात लावला नाही. 'तमिळनाडूसारखं नवव्या परिशिष्टात टाका' हा सल्लाही वरचेवर दिला जातो. तमिळनाडूचा ६९ टक्क्यांचा कायदा १९९४ च्या ७६ व्या दुरुस्तीने तिथे गेला खरा. पण २००७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की २४ एप्रिल १९७३ नंतर त्या तिजोरीत ठेवलेला कोणताही कायदा मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येईल. तिजोरी आहे, पण तिची किल्ली आता न्यायालयाकडेही आहे.

## '१०६ दुरुस्त्या म्हणजे घटना कच्ची होती का?'

अमेरिकेच्या घटनेत सव्वादोनशे वर्षांत २७ दुरुस्त्या, मग आपल्या एवढ्या का? यादी उघडून पाहिली की बराचसा भाग नेहमीच्या देखभालीचा निघतो. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव मतदारसंघांना मूळ मुदत दहा वर्षांची होती; ती वाढवायला एकट्या सात दुरुस्त्या लागल्या, शेवटची १०४ वी, २०३० पर्यंत. पंजाबातल्या राष्ट्रपती राजवटीसाठी काही. गोव्यासाठी १९६२ ची १२ वी आणि राज्य होताना विधानसभेबाबतची ५६ वी, कोकणी आठव्या परिशिष्टात आणणारी १९९२ ची ७१ वी. ९६ वी तर एका भाषेचं नाव 'उडिया' ऐवजी 'ओडिया' करण्यापुरती. अमेरिकेच्या घटनेत असले तपशील मुळात लिहिलेलेच नाहीत, त्यामुळे ते बदलायची वेळ येत नाही.

## मंजूर झाली म्हणजे लागू झाली?

नाही. राष्ट्रपतींच्या सहीनंतरही बऱ्याच दुरुस्त्यांत 'केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवील त्या दिवसापासून' असं वाक्य असतं. जीएसटीची दुरुस्ती सप्टेंबर २०१६ ची, कर सुरू झाला १ जुलै २०१७ ला. महिला आरक्षणाच्या १०६ व्या दुरुस्तीत तर आधी जनगणना आणि मग मतदारसंघांची फेररचना अशा अटीच लिहिल्या होत्या.

सर्वांत लांबलेलं उदाहरण ४४ व्या दुरुस्तीतलं. आणीबाणीच्या अनुभवानंतर १९७८ मध्ये संसदेने ठरवलं की कोणालाही खटल्याशिवाय स्थानबद्ध ठेवायचं तर सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीन नव्हे, दोनच महिने ठेवता येईल. दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने ते मंजूर केलं, राष्ट्रपतींनी सही केली. दुरुस्तीची बाकीची कलमं लागू झाली. हे एक कलम लागू करण्याची तारीख मात्र कोणत्याही पक्षाच्या सरकारने काढली नाही. सर्वोच्च न्यायालयात मागणी झाली, तेव्हा १९८१ मध्ये सरकारला तसा आदेश देता येणार नाही असं उत्तर मिळालं. घटनेची प्रत उघडली तर कलम २२ मध्ये आजही 'तीन महिने'च दिसतात, आणि दोन महिन्यांचा मजकूर खाली तळटीपेत, तारखेची वाट पाहत.